खांद्यावर सायकल, दंडाला गमछा

बरगीहून परत आल्यापासून इतक्या जणींनी विचारून झालं की हे सायक्लोक्रॉस म्हणजे काय बाप्पा, की शेवटी म्हटलं, बसून एकदा लिहूनच टाकावं. प्रत्येकीला फोनवर सांगून घसा बसला माझा.

तर रस्त्यावरची सायकल शर्यत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ही तशी नाही. ही शेतातून, नाल्यातून, बांधावरून जाते, आणि चिखल असेल तेव्हाच मुद्दाम ठेवतात. चालवता येईल तिथं चालवायची. चाक रुतलं की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. तुम्ही सायकलवर बसणार की सायकल तुमच्यावर, ते चिखल ठरवतो. आता हे सगळं मी चौसष्टाव्या वर्षी काहून केलं, तेही सांगते.

अधारतालहून निघताना

आमचा क्लब म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जबलपुरात अधारतालच्या मेन रोडवर रविवारी उजाडताना आठ-दहा जण जमतात, डुमन्याकडे जाऊन परत येतात. मी त्यात शिरले ती गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवा. मला सायकल येतच नव्हती. कॉलनीच्या मैदानात पडत झडत शिकले. क्लबात गेले तर वयानं मोठी, म्हणून पहिल्याच महिन्यात परतल्यावरचे पोहे माझ्याकडे आले. आणि मग हळूहळू असं झालं की मी राइडला नाही आले तरी चालायचं, पोहे मात्र यायला हवे होते.

त्यात या शर्यतीची खबर आली. बरगीच्या धरणामागच्या पाण्याजवळ एक गाव आहे, तिथं भादव्यात, जमीन पाणी पिऊन टम्म फुगली असते तेव्हा, बाहेरगावचं एक मंडळ ही शर्यत भरवतं. प्रत्येक क्लबाचे चार जण. एकानं दोन फेऱ्या मारायच्या आणि दुसऱ्याला सोडायचं.

आमचा कॅप्टन निखिल. बँकेत आहे, मराठी घरचा पोरगा, पण त्याची मराठी म्हणजे दोन शब्द झाले की हिंदीच्या गल्लीत वळते. त्यानं स्वतःचं नाव घेतलं, रेवाचं घेतलं. रेवा शाळेत खेळ शिकवते, पळाली तर दिसत नाही. मग देशकरजींचं घेतलं. ते कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठे, पण पाय अजून लोखंडाचे. चौथ्या नावासाठी तो इकडेतिकडे पाहायला लागला. मी समोरच, हातात झारा.

"मी आहे की," म्हटलं.

"तुम्ही तर आहातच मावशी. खाने का पूरा डिपार्टमेंट तुमचाच."

"खाण्याचं नाही म्हणून राहिली मी. चौथी मी."

सगळ्यांच्या प्लेटी थांबल्या. निखिल हळूच म्हणाला, "मावशी, उधर बहुत कीचड़ होता है."

"म्हणून तर जातात ना तिथं?"

त्यानं माझं नाव लिहून घेतलं. पण त्यानं मला एक नियम नीट समजावून सांगितला, आणि तो तुम्हालाही माहीत हवा. सगळ्यात पुढच्या क्लबाचा शेवटचा गडी फेऱ्या संपवून आला, की रेषेवर लाल झेंडी वर जाते. ज्या क्लबाचा चौथा गडी तोपर्यंत रेषेवरून निघालेलाच नाही, तो अख्खा क्लब बाद. मला त्यानं तिसरी ठेवलं, रेवाला चौथी. म्हणजे झेंडीच्या आधी मी पोचले नाही तर रेवा न पळताच घरी. निखिलनं तोंडानं म्हटलं नाही, पण मला कळत होतं. माझ्यामुळे क्लब बाद झाला तर पुढं कोणी मला सायकलवर बसू देणार नव्हतं. पोह्यांच्या टेबलामागं माझी कायमची सोय लागली असती.

आमचे हे म्हणाले, "पडलीस, हाड मोडलं, तर?"

"तर करा मग तुम्ही स्वयंपाक," म्हटलं, आणि बॅग भरली.

शुक्रवारी दुपारी सायकली एका पिकअपमध्ये चढवल्या. वाटेत घमापुरला सायकलीच्या दुकानापाशी थांबलो. चिखल आहे म्हटल्यावर मडगार्ड हवेतच, असं आमच्या चौघांचंही एकमत होतं. चांगले रुंद, टायरला घट्ट बसणारे मडगार्ड घेतले. देशकरजींनी तिथंच फुटपाथवर पाना काढून चारही सायकलींना बसवले. मग कमानिया गेटची गर्दी पार करून खोव्याची जलेबी बांधून घेतली, कारण तिच्याशिवाय जबलपूरचा माणूस गावाला जात नाही, आणि निघालो. जलेबी शहराबाहेरचा तिलवाराचा पूल येईपर्यंतही टिकली नाही.

फूलवतीबाईंचं अंगण

आम्ही उतरलो ते फूलवतीबाईंकडे. देशकरजींच्या एका जुन्या सोबत्याची ही बहीण. गोंड घर. भिंती पांढऱ्या छुईमातीनं सारवलेल्या, इतक्या स्वच्छ की मी पाठ टेकायला कचरले. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा. इथं आधी पाय धुवायला लोटा, आणि पाय धुऊन होईपर्यंत घरातलं कोणी बोलत नाही. नुसतं हसून पाहतात. मला ते फार आवडलं. आपण तर पाहुण्याची चप्पल निघायच्या आत त्याचा पगार विचारतो.

सकाळी पेज मिळाली, मक्याची. माझ्या माहेरी आजारी माणसाला तांदळाची पेज द्यायचे, म्हणून मी आधी जरा नाक मुरडलं. पण ही दाटसर, आंबूस, सोबत मीठ-मिरचीचं वाटण. दोन वाट्या प्याले आणि दुपारपर्यंत भुकेची आठवण आली नाही.

फूलवतीबाईंनी माझी सायकल पाहिली, मला पाहिलं, आणि विचारलं, "दीदी, आप खेलोगी? कि ये लोग खेलेंगे?"

"मैं भी खेलूँगी."

"घर में लड़ाई हुई क्या?"

रेवा हसून हसून खाटेवरून खाली आली.

शनिवार: मैदान पाहिलं

मैदान म्हणजे उताराचं पडीक शेत. वरून सुरुवात, मग खाली नाल्यात उतरायचं, नाला ओलांडून पलीकडून सुरुवातीच्या रेषेहूनही वर चढायचं, एका महुआच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाला वळसा घालायचा आणि नाला जिथं सुरू होतो त्याच्या वरच्या अंगानं उतारानं परत रेषेवर यायचं. रेषेच्या जरा आधी गुडघ्याएवढ्या उंच दोन लाकडी फळ्या आडव्या लावल्या होत्या, म्हणजे उतरून उडी मारल्याशिवाय सुटका नाही. जमीन सगळी काळी. ज्यांनी विदर्भातली काळी माती तुडवली आहे त्यांना सांगायला नको. ती चिकटत नाही, ती बिलगते.

सरावाला आम्ही चौघं मोठ्या ऐटीत निघालो. पंचवीस-तीस हात गेलो असू. आधी निखिल थांबला, मग रेवा, मग मी. चाकंच फिरेनात. घट्ट मडगार्ड आणि टायर यांच्या मध्ये माती जाऊन अशी ठासली होती, जशी करंजीत सारण. चिखलासाठी आणलेल्या मडगार्डांनीच चिखल धरून ठेवला. बाजूनं दुसऱ्या क्लबांची पोरं बिनमडगार्डाच्या सायकली घेऊन सपासप चालली होती. एकानं विचारलं, "अंकल, ये छतरी काहे लगाई है?" देशकरजींनी पाना काढला. चिखलात फतकल मारून त्यांनी चारही सायकलींचे मडगार्ड काढले.

पण तरी माती सायकलीच्या सांगाड्याला, पायडलला, सगळीकडे बसतच होती. अर्ध्या फेरीत सायकल दुप्पट जड. खांद्यावर उचलून पाहिली तर कंबरेतून कळ गेली. खरं सांगते, त्या वेळी वाटलं, की बाई, तू हे काय मागून बसलीस.

संध्याकाळी मी फूलवतीबाईंच्या चुलीपाशी पुऱ्यांची कणीक घेऊन बसले होते. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल समोर. तेलाकडे पाहून मला आमच्या घरची कटहल, म्हणजे भाजीचा फणस, चिरायची तऱ्हा आठवली. कटहलाचा चीक हाताला लागला तर दोन दिवस निघत नाही. म्हणून आपण आधी हाताला आणि विळीला तेल चोपडतो. तेलावर चीक बसत नाही. मग तेलावर माती तरी कशी बसेल?

"रेवा! सायकली आण इकडे!"

निखिल म्हणाला, "मावशी, सायकल को तलना है क्या?"

"तू गप राहा आणि फडकं आण."

एका पायडलला तेल लावलं, आणि तो बाजूच्या चिखलात बुडवून काढला. माती घसरून खाली. एवढीशी राहिली. चौघांचेही डोळे मोठे झाले. मग काय, पुऱ्या गेल्या उडत. सगळं तेल सायकलींना गेलं, आणि त्या कणकेचे आम्ही गोळे केले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गाकड भाजले, भाजलेल्या वांग्याचा भर्ता केला. तेलाचा थेंब नाही जेवणात. फूलवतीबाई म्हणाल्या, "पहली बार देखा, आदमी रूखा खाए और साइकिल घी-तेल खाए."

मी गाकड उलटून राहिले होते, तेव्हा देशकरजी म्हणाले, "वहिनी, तुमची सायकल मी चोपडतो. तुम्ही बसा." मोठ्या मायेनं चोपडली हो त्यांनी. कुठं म्हणून जागा सोडली नाही.

रविवार

या शर्यतीत एक गोष्ट फार छान आहे. एकाकडून दुसऱ्याकडे काठी-बिठी देत नाहीत. दंडाला गमछा बांधलेला असतो. आलेल्यानं तो सोडायचा, जाणाऱ्याच्या दंडाला बांधायचा, नीट गाठ मारून. गाठ नाही तर रेषेवरचा माणूस सोडत नाही. आमचा गमछा लाल चौकटीचा होता. निखिलच्या दंडाला तो मी बांधला, आणि तो गेला.

सगळे मिळून दहा-बारा क्लब असतील. निखिल पाचवा-सहावा आला. तेलानं काम केलं होतं, त्याच्या सायकलीवर माती फक्त चाकांनाच. देशकरजी निघाले. ते चालवत कमी आणि खांद्यावर जास्त घेऊन जात होते, पण त्यांची चाल थांबत नव्हती. परत आले तेव्हा आम्ही मागं पडलो होतो, पण फार नाही. त्यांनी गमछा माझ्या दंडाला बांधला. म्हणाले, "वहिनी, नाल्याचा उतार जपून."

मी निघाले.

पहिला तुकडा सपाट. पायडल मारत होते, चिखल तोंडावर उडत होता, आणि खरं सांगू, मला गंमत वाटून राहिली होती. मग उतार आला. ब्रेक दाबले.

काहीच झालं नाही.

दोन्ही हातांनी दाबले. सायकल उलट जास्त पळायला लागली. माझी सायकल जुनी आहे, तिचा ब्रेक म्हणजे रबराचा तुकडा चाकाच्या लोखंडी कड्याला घासतो तेव्हा ती थांबते. आणि त्या कड्याला देशकरजींनी मायेनं तेल पाजलेलं! बाकीच्यांच्या सायकली नव्या, त्यांचे ब्रेक चाकाच्या मधोमध, वेगळ्या चकतीवर. ती चकती त्यांनी वगळली. माझ्या सायकलीला चकतीच नाही, तर वगळणार काय? तिचं सगळंच चोपडलं गेलं.

मी सरळ नाल्यात. सायकल एकीकडे, मी दुसरीकडे, हेल्मेट डोळ्यांवर. काठावर गावच्या बायका बसल्या होत्या, त्या एकदम उभ्या राहिल्या. हातपाय हलवून पाहिले. सगळे आपापल्या जागी होते. सायकल उचलली, खांद्यावर घेतली, चढ चढले. महुआपाशी परत पडले. झाडाच्या डाव्या बाजूला वरून सपाट दिसते जमीन, पण आत पोकळ, मांडीपर्यंत पाय गेला. तिथून निघायला फार वेळ गेला. फळ्या ओलांडल्या, रेषेवरून गेले. एक फेरी झाली.

निखिल ओरडला, "मावशी, जल्दी! आगेवालों का चौथा निकल गया है!"

म्हणजे पुढच्या क्लबाचा शेवटचा गडी मैदानात होता, आणि माझी अजून एक फेरी बाकी. परत तोच उतार. मी वरच उतरले आणि सायकल धरून घसरत घसरत खाली गेले. नाल्यात पोचले, आणि थांबले. पुढं महुआपासून रेषेपर्यंत पण उतारच आहे. पहिल्या फेरीत तो मी पायी केला होता. या वेळी पायी केला तर झेंडी वर, हे नक्की. ब्रेक पाहिजेच होता.

तेलकट कढई आपण कशानं घासतो? राखेनं, मातीनं, वाळूनं. नाल्यात वाळू होती. मी सायकल उलटी केली, खाली बसले, मुठीनं वाळू घेतली आणि चाकाचं कडं घासायला लागले. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं घासायचं. रबराचे तुकडे पण घासले. बाजूनं पोरं खांद्यावर सायकली घेऊन पळून राहिली होती, आणि मी नाल्यात बसून भांडी घासल्यासारखी घासून राहिले होते.

काठावरची एक बाई ओरडली, "अम्मा, बासन बाद में माँज लइयो! पहले दौड़ लो!"

दुसरी म्हणाली, "आदत नईं छूटत!"

"तुम्हारे भी लाओ, साथ में माँज दूँ!" मी ओरडले, आणि त्या सगळ्या खो-खो हसल्या. पण हात नाही थांबवला मी. थांबले असते तर रडूच आलं असतं.

ब्रेक दाबून पाहिला. करकर आवाज आला. तो आवाज मला आरतीच्या घंटेसारखा वाटला. सायकल खांद्यावर, चढ, आणि परत महुआ.

तिथं मागून आवाज आला. "साइड! माताजी, साइड!"

पुढच्या क्लबाचा चौथा गडी. उंच पोरगा, नवी कोरी सायकल. त्याची ही शेवटचीच फेरी. तो रेषेवर पोचला की झेंडी. नियम असा की मागून वेगात येणाऱ्याला वाट द्यायची. अडवायचं नाही. मी अडवलं नाही. झाडाच्या उजव्या कडेला सरकले.

"पूरा मैदान पड़ा है बेटा, निकल जा!"

तो डावीकडून निघाला. तीच सपाट दिसणारी जागा. मी तोंड उघडेपर्यंत त्याचं पुढचं चाक आत गेलं, तो पुढं, सायकल मागं. मी थांबले नाही. सायकलवर बसले आणि उतार सोडला. ब्रेक धरत होता, पूर्ण नाही, पण धरत होता. मागं तो धडपडून बाहेर निघाल्याचा आवाज आला. फळ्यांपाशी उतरले, एक फळी, दुसरी फळी, रेषा.

रेवानं दंड पुढं केलेलाच होता. गमछा सोडायला गेले तर गाठ ओली, चिखलानं दगड झालेली. नखांनी सुटेना. दातांनी धरली. तोंडात माती, तेल, सगळं. सुटली. तिच्या दंडाला बांधली. रेषेवरच्या माणसानं गाठ ओढून पाहिली आणि म्हणाला, "जाओ!"

रेवा गेली. ती पाच-सहा पायडल गेली असेल, तोच तो पोरगा रेषेवर आला आणि लाल झेंडी वर गेली.

तो पोरगा जिंकला, त्याचा क्लब पहिला. श्वास लागलेला, कानापर्यंत काळा झालेला, माझ्याजवळ आला आणि हसत म्हणाला, "माताजी, गड्ढा बता तो देतीं!"

"बेटा, मुझे भी किसी ने नहीं बताया था."

रेवानं दोघांना मागं टाकलं. तीन क्लब झेंडीनं बाद झाले होते. जे राहिले त्यांत आम्ही शेवटून तिसरे. बक्षीस नाही, काही नाही. माइकवर क्लबाचं नाव घेतलं फक्त, पूर्ण करणाऱ्यांत. देशकरजी मात्र तोंड पाडून बसले होते. सगळं त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, पुढल्या वेळी माया जरा कमी करा." तेव्हा कुठं हसले.

परत निघण्याआधी

दुपारी फूलवतीबाईंच्या अंगणात आम्ही चिखल धूत होतो. आता एक सांगते. क्लबात माझं कौतुक नेहमीच होतं. चार मैल गेले तरी "वाह मावशी", चढावर उतरून ढकलत नेली तरी "क्या बात है मावशी". एवढी वर्षं झाली, कोणी माझी एक चूक काढली नव्हती. लहान मुलाच्या गाण्याला टाळ्या वाजवतात ना, तशा त्या टाळ्या. घ्यायच्या आणि गप बसायचं.

त्या दुपारी निखिल बादली घेऊन माझ्यासमोर आला. कपाळावर आठी.

"मावशी, एक बात बोलू? फळीच्या वेळी तुम्ही गलत उतरता."

"म्हणजे?"

"पूरा थांबून मग उतरता. सायकल चालू असतानाच उजवा पाय मागून आणायचा, इकडे, और भागते हुए उतरना है. प्रत्येक फळीला टाइम जाऊन राहिला तुमचा. रेवाला किती कमी मिळाला माहीत आहे? ऐसे नहीं चलेगा."

"ऐसे नहीं चलेगा?"

"नाही चलेगा."

रेवा घाबरून माझ्याकडे पाहायला लागली, की मावशीला वाईट वाटलं. मी बादली बाजूला ठेवली. पंजाबी ड्रेसचे पाय वर खोचले, ओली सायकल घेतली आणि अंगणाच्या टोकाला गेले. गुडघे ठणकत होते, खांद्यावर सायकलीचा वळ उठला होता.

"दाखव बरं," म्हटलं, "कोणता पाय आधी?"